इंग्रजीत 'च' नसतो

सर, काल आमच्या साहेबांनी परदेशातल्या एका गिऱ्हाइकाला मेल लिहिला, 'वुई विल सेंड इट ओन्ली', आणि नेहमीप्रमाणे पाठवण्याआधी माझ्याकडे तपासायला ढकलला. त्यांना म्हणायचं होतं, आम्ही पाठवूच. मी शेपटाचा ओन्ली काढला, विल आणि सेंडच्या मधे डेफिनेटली बसवला आणि खुर्चीत एकटीच हसत बसले. साहेबांनी केबिनमधून विचारलं, काय झालं मॅडम? आता त्यांना काय सांगू, की आमचे एक सर होते, त्यांना जाऊन सोळा वर्षं झाली, आणि ओन्ली दिसला की ते अजून येऊन माझ्या टेबलापाशी उभे राहतात? दिवसभर मी इंग्रजीच लिहिते. हे मराठीत लिहितेय, कारण हे कुणाला जायचं नाही. तपासायलाही कुणी नाही, तेव्हा चुका झाल्या तर झाल्या.

मी सातपूरलाच आहे. डिप्लोमा झाल्यावर पेढे घेऊन तुमच्याकडे आले होते, त्यानंतर दोन कारखाने बदलले, हा तिसरा. लहानसाच आहे, ड्रिलच्या आणि लेथच्या मशिनी मिळून एक शेड आणि वर माडीवर ऑफिस. मी क्वालिटी बघते. म्हणजे मशिनीवर तयार झालेले भाग, ज्यांना आम्ही जॉब म्हणतो, ते बरोबर झालेत की नाही ते मापायचं, मापायची हत्यारं सांभाळायची, आणि गिऱ्हाइकाची तक्रार आली की तिला इंग्रजीत उत्तर द्यायचं. हे शेवटचं काम खरं तर माझं नाही. पण पहिल्याच महिन्यात साहेबांनी माझं एक पत्र वाचलं आणि म्हणाले, मॅडमचं इंग्लिश एकदम चोख आहे, आणि तेव्हापासून ते माझ्या गळ्यात पडलं. चोख कसलं डोंबलाचं. निफाडकडच्या शाळेत एका माणसानं आमच्याकडून घासून घेतलं म्हणून आहे, एवढंच.

तुम्हाला आठवतं, आठवीत तुम्ही फळ्यावर स्कूटर काढली होती? चित्र इतकं वाईट होतं की मागच्या बाकावरून कुणीतरी बैल म्हणालं. तुम्ही म्हणालात, कॅन, विल, मस्ट, शुड हे गाडी चालवणारे, ते पुढं बसणार. क्रियापद मागं बसणार. आणि ऑल्वेज, नेव्हर, ऑल्सो ही लेकरं, ती दोघांच्या मधे. "लेकराला कुणी मागच्याच्या मागं बसवतं का? पडल ना ते." आम्ही लय हसलो, पण कॅन ऑल्सो गो, शुड नेव्हर टेल, हे जे डोक्यात बसलं ते बसलंच. आणि तुमची ती 'च'ची गोष्ट. आम्ही सगळे 'येईनच'ला 'आय विल कम ओन्ली' लिहायचो. तुम्ही म्हणायचात, इंग्रजीत च नाय, तुमचा च घरी ठेवून येत जा. ओन्ली लिहिलं तर गोरा म्हणल, हा माणूस नुसता येणार हाय, बसायचा नाय, चहा घ्यायचा नाय, दारातूनच माघारी जायचा. आणि 'ही मे वेल कम'चा अर्थ विचारलात तेव्हा मीच हात वर करून सांगितलं होतं, तो विहिरीवर येईल. वर्गातली पहिली मुलगी! तुम्ही खडू ठेवलात, चष्मा काढून डोळे पुसलेत आणि म्हणालात, बस खाली, आज विहिरीला सुट्टी. मग समजावून सांगितलंत की तो येईलही, येण्याचा बराच संभव आहे, असा त्याचा अर्थ. मराठीत एक 'च' नाहीतर एक 'ही' लावला की भागतं, इंग्रजीत त्यासाठी एक अख्खा शब्द शोधून मधे बसवावा लागतो, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं.

रविवारी मी तुमच्या घरी यायचे. काकू देवळात गेलेल्या असायच्या, तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून मेथी निवडत असायचात आणि मला समोर दुसरी जुडी द्यायचात. एक वाक्य तुम्ही मराठीत म्हणायचं, ते मी इंग्रजीत. ती बहुधा झोपली असेल. त्याला क्वचितच ऐकू येतं. तू त्याला आधीच सांगायला हवं होतंस. मी अडले की तुम्ही काही न बोलता पानं खुडत राहायचात, पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला इतका राग यायचा त्या गप्प बसण्याचा. घरी आईला म्हणायचे, सर शिकवत नाहीत, भाजी निवडून घेतात. आणि कधीतरी वाक्य आपोआप जागेवर यायचं, यू शुड ऑलरेडी हॅव टोल्ड हिम, आणि तुम्ही नुसतं, हां, म्हणून पुढची जुडी सोडायचात. त्या एका 'हां'साठी मी आठवडाभर अभ्यास करायचे, हे तुम्हाला ठाऊक होतं का कोण जाणे.

पण आज लिहायला बसले ते नववीतल्या घड्याळामुळे. वर्गातल्या भिंतीवरच्या घड्याळाची काच फुटलेली सापडली. त्याच्याखाली एक मुलगी बसायची. तिचे आईवडील पेठ तालुक्यातून द्राक्षाच्या कामाला यायचे, हंगामापुरती ती आमच्या शाळेत असायची, कुणाशी फार बोलायची नाही. सगळ्या वर्गानं ठरवून टाकलं, हिनंच. तुम्ही गृहपाठ दिलात, घड्याळाचं काय झालं असेल यावर इंग्रजीत तीन वाक्यं लिहून आणा. मी लिहिलं, 'शी मस्ट डेफिनेटली हॅव ब्रोकन इट ओन्ली.' तीन शब्दांत तीनदा तिला फासावर चढवलं. तुम्ही ते मोठ्यानं वाचलंत. ओन्लीला वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत.

"तू पाह्यलंस का गं?" तुम्ही विचारलंत.

मी म्हणाले, नाही सर.

"मंग बरोबर हाय तुझं. ज्यानं पाह्यलं त्याला मस्ट लागतच नाय. तो सरळ लिहितो, ब्रोक. न पाह्यलेल्यालाच मस्ट लागतो. आन् जितकं कमी माहीत, तितका तो डेफिनेटली जास्त घालतो."

मग तुम्ही मला फळ्यावर 'आय डिड नॉट सी' लिहायला लावलंत आणि तास संपेपर्यंत ते पुसू दिलं नाहीत. मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नाही. रविवारी आले नाही. मला वाटत होतं, वाक्यात चूक फक्त ओन्लीची होती, ती दाखवायची आणि मार्क कापायचे, इतका तमाशा कशाला? काच कुणी फोडली ते शेवटपर्यंत कळलं नाही. ती मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत आली, तिच्या जागेवर बसली. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं, आता वाटतं.

आता आमच्याकडचं सांगते. दिवाळीच्या आधी पाठवलेल्या मालाचा एक लॉट परत आला. लोखंडी कडी असते, तिच्या मधल्या भोकात पिन बसते, आणि गिऱ्हाईक म्हणत होतं की भोक बारीक आहे, पिन जात नाही. त्यांना दुपारपर्यंत लेखी कारण पाहिजे होतं. हे जॉब ज्या ड्रिलवर झाले तिथं एक बाई काम करतात, माझ्याच वयाच्या, सटाण्याकडच्या, कॉन्ट्रॅक्टवर. प्रत्येक भोकात गेज, म्हणजे ठरल्या मापाची पोलादी कांडी, घालून बघायचा, गेज आत गेला तर जॉब बरोबर, नाही गेला तर बाजूला, हे त्यांचंच काम. साहेब वर आले आणि म्हणाले, "तिनं गेज लावलाच नसणार. उद्यापासून दुसरी बाई मागवू. तुम्ही छान इंग्रजीत लिहून टाका." साहेब वाईट माणूस नाहीत, सर. माझ्या बाळंतपणात तीन महिने जागा धरून ठेवली होती त्यांनी. पण गिऱ्हाइकाला कारण लागतं, आणि माणूस बदलला म्हटलं की गिऱ्हाईक गप्प बसतं, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं.

मी लिहिलं. 'द ऑपरेटर मस्ट डेफिनेटली हॅव स्किप्ड द गेज.' पुढं मस्ट, मागं हॅव, मधे डेफिनेटली नीट मांडी घालून बसलेलं. ओन्ली नाही, काही नाही. व्याकरणात बोट ठेवायला जागा नव्हती. आणि मी ते वाक्य बघत राहिले, कारण तुम्ही शेजारी येऊन विचारलंत, तू पाह्यलंस का गं. खरंच सांगते, मी वैतागले. अहो, मला काम आहे, दुपारपर्यंत मेल जायचाय, आत्ता कशाला? पण उठले आणि जिना उतरून खाली गेले.

बाईंनी मला येताना पाहिलं आणि मशीन बंद केली. लॉट परत आल्याचं शेडमध्ये सगळ्यांना कळलं होतं, आणि अशा वेळी काय होतं तेही. मी विचारलं, गेज लावला होता का? त्यांनी मान वर केली. "लायेल व्हता ताई. दरेक पीसले." मग परत आलेल्या जॉबांतला एक उचलला, तोच गेज घेतला आणि माझ्यासमोर भोकात घातला. गेज सुळकन आत गेला. दुसरा घेतला, त्यातही गेला. तिसऱ्यातही. पिन ज्या भोकात जात नव्हती त्या भोकात गेज आरामात जात होता. त्या जॉब एकामागून एक उचलत राहिल्या, आणि मला कळायचं ते कळलं. गेज झिजला होता. बारीक झाला होता. त्या रोज मन लावून मापत होत्या आणि माप खोटं होतं.

मी गेज वर आणला, मायक्रोमीटरनं मापला. झिजलेला निघाला. त्याच्या डबीवर एक चिकटी असते, हा गेज अमुक तारखेच्या आत बाहेर पाठवून तपासून आणायचा, अशी. ती तारीख उलटून दोन महिने झाले होते. आणि गेज वेळेवर तपासायला पाठवायचे, हे काम आमच्या कारखान्यात एकाच माणसाचं आहे सर. माझं. त्या सुमाराला ऑडिट होतं, मी कागदांत बुडाले होते, पुढच्या आठवड्यात पाठवू म्हणाले आणि विसरले. गेजच्या नोंदवहीत त्या महिन्याच्या रकान्यात माझी सही असायला हवी होती, तिथं कोरं होतं.

थोड्या वेळानं मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. एकवीस वर्षं नोकरी केली, पण असं सांगायला कधी गेले नव्हते.

"साहेब, बाईंनी गेज लावला होता. गेज झिजलेला होता. तो पाठवायचा माझ्याकडून राहिला."

साहेब म्हणाले, असं लिहिलं तर ते म्हणतील यांच्या क्वालिटीवालीलाच क्वालिटी नाही. मी म्हणाले, म्हणतील. ते म्हणाले, गिऱ्हाईक गेलं तर? मी म्हणाले, जाऊ शकतं. मग ते चिडले, चांगले चिडले, माडीवरून खाली ऐकू जाईल इतके, आणि शेवटी हात झटकून म्हणाले, लिहा काय लिहायचं ते, पण तुमच्या नावानं लिहा. मी लिहिलं. गेज झिजला होता, तो आधीच तपासायला पाठवायला हवा होता, ती जबाबदारी माझी होती. 'इट शुड ऑलरेडी हॅव बीन सेंट.' बाकी सगळी वाक्यं साधी. मस्ट कुठंच लागला नाही, कारण आता मी पाहिलं होतं.

दोन दिवस उत्तर आलं नाही. साहेब माझ्याशी कामापुरतं बोलत होते, मी डबा उघडत होते आणि तसाच बंद करत होते. तिसऱ्या दिवशी मेल आला. गिऱ्हाइकाकडच्या बाईंनी लिहिलं होतं की आजवर आलेल्या उत्तरांत कारण म्हणून नेहमी ऑपरेटरच असतो, हे पहिलंच वेगळं आहे, जॉब पुन्हा करून पाठवा, आणि 'वुई वुड ग्लॅडली कंटिन्यू'. सर, वुड आणि कंटिन्यूच्या मधे ग्लॅडली. मी तो मेल छापून घेतला. साहेबांनी वाचला, आणि चहा मागवला तेव्हा दोन सांगितले.

बाई ड्रिलवरच आहेत. आता त्या रोज सकाळी गेजच्या डबीवरची चिकटी बघतात, आणि तारीख जवळ आली की जिना चढून येतात, ताई, हायी तारीख येई राहिनी. मला त्यांची जरा भीतीच वाटते आता. शनिवारी जेवणानंतर मी शेडमधल्या बायकांना मशिनीवर लावलेल्या सूचना वाचायला शिकवते, त्यात सगळं मस्ट ऑल्वेज आणि शुड नेव्हरच भरलेलं असतं. परवा मी सांगितलं, शुड म्हणजे करायला पाहिजे, मस्ट म्हणजे केलंच पाहिजे. बाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, म्हणजे च त्या मस्टच्या पोटातच आहे की. तुम्ही इतकी वर्षं इंग्रजीत च नाय म्हणत आलात, आणि सटाण्याच्या बाईंनी एका शनिवारात शोधून काढला. तुम्ही असता तर हां म्हणाला असता. तुमच्याऐवजी मी म्हणाले, आणि त्या इतक्या खूश झाल्या की मला माझंच नवल वाटलं. हे सगळं तुम्हाला सांगायचं होतं. तुमची एक मुलगी बरी निघाली, एवढं तुम्हाला कळावं म्हणून लिहायला घेतलं होतं.

पण तसं नाहीये, सर. 'थोड्या वेळानं मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले' असं मी वर लिहिलं, तो थोडा वेळ मी गाळला. वहीतला कोरा रकाना बघितल्यावर मी साहेबांकडे गेले नाही. वही बंद केली, दार लोटलं आणि कॉम्प्युटरपुढं बसले. मस्ट डेफिनेटली खोडलं आणि लिहिलं, 'द ऑपरेटर मे पॉसिब्ली हॅव स्किप्ड द गेज.' बाईंकडून गेज लावायचा राहिलाही असेल. बघा किती नम्र वाक्य. न पाहिलेल्यानं बोलावं तसं बोललेलं, तुम्ही शिकवलं तसं. कुणाला खोटं म्हणता आलं नसतं, माझं नाव कुठं आलं नसतं, आणि बाई तरीही गेल्या असत्या. मस्ट लिहिताना मला काहीच माहीत नव्हतं. मे लिहिताना मला सगळं माहीत होतं. मी खाली माझं नाव टाकलं आणि पाठवायच्या बटणावर बाण नेला.

तेवढ्यात दार वाजलं. बाई होत्या. आत आल्या नाहीत, उंबऱ्याशीच उभ्या राहिल्या, हात पदराला पुसत.

"ताई, सकाय येऊ ना मी?"

उद्या कामाला येऊ का, असं विचारत होत्या. मी म्हणाले, या. त्या गेल्यावर मी ते वाक्य पुसलं आणि केबिनमध्ये गेले. त्या आल्या नसत्या तर मी ते पाठवलं असतं. इथं आधी 'कदाचित' लिहिलं होतं. ते आत्ता खोडलं.